भर्तव्य, पण निरंशक : बहुविकलांग बालकाच्या दारापर्यंत मदत कशी पोहोचली?

१/
आजच्या थ्रेडमध्ये लढाई नाही, किल्ला नाही, तहनामाही नाही. आहे ते एक घर, त्या घरातले एक लहान मूल, आणि त्या घरात मदत घेऊन जावे हे समाजाला कळायला लागलेला दीर्घ काळ. हे मूल बहुविकलांग आहे. म्हणजे त्याची मान अजून सावरत नाही, नजरही स्थिर होत नाही. किंवा त्याला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. किंवा हातपाय ताठ आहेत, घास गिळता येत नाही आणि मधूनच झटके येतात. अशा मुलाच्या मदतीचा इतिहास आपण पाहणार आहोत. शेवटी पोहोचणार आहोत बीड जिल्ह्यात, कारण या इतिहासाने गृहीत धरलेली एक गोष्ट तिथे लागू पडत नाही.

२/
सुरुवात कल्याणीपासून. आजचे बसवकल्याण, बीडच्या आग्नेयेला, बिदर जिल्ह्यात. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या काळात तिथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे जवळपास आठशे वर्षे, बंगालसारखे प्रदेश वगळता, भारताच्या फार मोठ्या भागात हिंदू कुटुंबाच्या वाटणीचे वाद याच ग्रंथाच्या आधारे सुटले. इंग्रजी न्यायालयांनीही तोच प्रमाण मानला. त्यात वाटणीला अपात्र व्यक्तींची एक यादी आहे. तिच्यात पांगळा, आंधळा, उन्मत्त, ‘जड’ म्हणजे बुद्धीने मंद, आणि असाध्य रोगाने ग्रासलेला, हे सारे येतात.

३/
या लोकांविषयी स्मृतीने दोन शब्द वापरले आहेत : ‘भर्तव्य’ आणि ‘निरंशक’. भर्तव्य म्हणजे ज्याला पोसलेच पाहिजे असा. निरंशक म्हणजे ज्याला वाटा नाही असा. न्यायाने पाहता ही व्यवस्था निव्वळ क्रूर नव्हती. अशा माणसाला उपाशी ठेवणे हा दोष होता. त्याची निर्दोष मुले वाट्याला पात्र होती. दोष बरा झाला तर त्यालाही वाटा मिळे. पण तिच्यामागची कल्पना स्पष्ट आहे : या माणसाला भाकरी द्या, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या दोन शब्दांशी झालेला झगडा आहे.

४/
साहित्यात हे मूल कुठे दिसते? बीडच्या उत्तरेला गोदावरी, आणि गोदाकाठी पैठण. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका यांच्या तोंडी भारुडे घातली. ती आजही कीर्तनात रंगतात. पण त्यांतला बहिरा हा हरिकीर्तन न ऐकणारा माणूस आहे आणि मुका हा संतांची निंदा करणारा. म्हणजे विकलांगता तिथे रूपक म्हणून येते, समाजाला आरसा दाखवण्यासाठी. एकनाथांचे प्रयोजनच ते होते, त्यात उणे काढण्याचे कारण नाही. पण इतिहासकाराने नोंद घ्यावी ती अशी की रूपकातला बहिरा सर्वांच्या परिचयाचा झाला, आणि घरातले बहिरे मूल कागदावर आले ते फार उशिरा.

५/
कागदावर त्याला आणले जनगणनेने. इंग्रजांनी १८७२ पासून मोजणी सुरू केली तेव्हा तक्त्यात व्यंगांसाठी रकाने होते : वेडा, मुका-बहिरा, आंधळा, कुष्ठरोगी. निजामाच्या हैदराबाद राज्यात, म्हणजे त्या वेळच्या बीडमध्येही, पहिली जनगणना १८८१ साली झाली. १९३१ पर्यंत हे रकाने टिकले आणि १९४१ ला वगळले गेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन जनगणनांत हा प्रश्नच विचारला गेला नाही. १९८१ या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात तो परतला, १९९१ ला पुन्हा गळला, आणि २००१ ला पाच प्रकारांसह पुन्हा आला.

६/
पण २००१ पर्यंतच्या या सर्व मोजण्यांत एक उणीव होती. ज्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि चालताही येत नाही, त्याला कोणत्या रकान्यात लिहायचे? ‘बहुविकलांगता’ हा स्वतंत्र प्रकार भारतीय जनगणनेत पहिल्यांदा आला २०११ साली. त्या वर्षी देशात २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी सुमारे २१ लाख बहुविकलांग निघाल्या. म्हणजे हे मूल स्वतःच्या नावाने सरकारी तक्त्यात येऊन अजून दोन दशकेही झालेली नाहीत.

७/
आता वाटणीकडे वळू. १९२८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात एक कायदा झाला आणि मिताक्षरेतली अपात्रांची यादी जवळजवळ पुसली गेली. आंधळ्याला, पांगळ्याला, बहिऱ्याला वारसा मिळाला. अपवाद एकच राहिला : जो जन्मापासून वेडा किंवा ‘जड’ आहे तो. म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेले मूल निरंशकच राहिले. हा शेवटचा अपवाद गेला हिंदू उत्तराधिकार कायद्याने, जून १९५६ मध्ये. त्या महिन्यात बीड अजून हैदराबाद राज्यातच होते. मुंबई राज्यात ते आले त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. कायद्याने आता वाटा मिळाला होता. पण त्या मुलाने उठून बसावे, स्वतःच्या हाताने घास घ्यावा, आपली गरज खुणेने सांगावी, यासाठी त्याला शिकवणार कोण?

८/
या प्रश्नाचे पहिले उत्तर होते ‘संस्था’. १८३७ साली अमेरिकेत लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी गावाकडच्या घरातून बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आणली गेली. तिला ऐकू येत नव्हते आणि दिसतही नव्हते. डॉ. सॅम्युएल हाउ यांनी तिला स्पर्शाच्या वाटेने भाषा शिकवली. जगभर कौतुक झाले. या यशातून निघालेला निष्कर्ष मात्र शतकभर टिकला : असे मूल शिकवायचे तर ते घरातून उचलून तज्ज्ञाच्या इमारतीत न्यावे लागते.

९/
मग हेलन केलर? ती तर घरीच शिकली, असे तुम्ही म्हणाल. अर्धे खरे आहे. पर्किन्सचीच विद्यार्थिनी असलेल्या अ‍ॅन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी अलाबामातल्या टस्कंबिया गावी केलर कुटुंबाकडे आल्या. पण काही दिवसांतच त्यांनी हेलनला आईवडिलांपासून वेगळे करून जवळच्या छोट्या घरात नेले, कारण त्यांच्या मते कुटुंबाचे लाड हाच शिक्षणातला अडथळा होता. हातपंपाच्या पाण्याखालचा तो प्रसिद्ध प्रसंग त्यानंतरचा, एप्रिलमधला. शिक्षक दारात आला होता, पण आई अजून शिक्षणाच्या बाहेरच होती. हाच सूक्ष्म फरक पुढे निर्णायक ठरणार आहे.

१०/
आपल्याकडेही संस्थाच आधी आल्या, आणि त्या बहुतेक मुंबईत. मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास. १९४४ मध्ये वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केलेली, पुढे ‘जय वकील’ नावाने ओळखली गेलेली शाळा. १९५० मध्ये केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी उभे केलेले व्यवसायोपचाराचे विद्यालय. या कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या आणि विवाहाने मराठी झाल्या. १९७२ मध्ये मिठू अलूर यांची ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’. १९७७ मध्ये बेरोज वाच्छा यांची, बधिरांसाठी आणि बधिरांध मुलांसाठीची ‘हेलन केलर इन्स्टिट्यूट’. बहुतेक ठिकाणी आरंभी एखादी अस्वस्थ आई किंवा हट्टी बाई दिसते, हा योगायोग नव्हे.

११/
पण बीडच्या मुलाला मुंबई म्हणजे जवळपास चारशे किलोमीटर. परळीला निजामकाळापासून रेल्वे होती. खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि मोठी सोय झाली. तरीही रुग्णालयाचा स्वभाव तपासण्याचा आहे, रोज घास भरवायला शिकवण्याचा नाही. मान न सावरणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन एसटीने जायचे, रांगेत बसायचे, दोन दिवसांची मजुरी बुडवायची, आणि ‘व्यायाम करत राहा’ एवढे ऐकून परतायचे. हे दरमहा कोण करू शकेल?

१२/
हा प्रश्न फक्त बीडचा नव्हता. १९४२ साली लॉस एंजेलिसमध्ये लुईस ट्रेसी यांनी बहिऱ्या लहानग्यांच्या पालकांसाठी एक केंद्र काढले. त्यांचा मुलगा जॉन स्वतः बहिरा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी पालकांसाठी मोफत टपाल-अभ्यासक्रम सुरू केला. संस्था प्रथमच पाकिटात बसून घरी निघाली. १९६८ मध्ये नॅन्सी फिनी यांचे मेंदूच्या पक्षाघाताच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला घरी कसे हाताळावे यावरचे पुस्तक आले. उचलावे कसे, अंघोळ घालावी कशी, कपडे चढवावे कसे. उपचार आणि दिनक्रम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यातून पालकांपर्यंत पोहोचले.

१३/
खरे वळण आले १९६९ साली, विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज नावाच्या छोट्या गावी. तिथल्या शिक्षणसेवेकडे २३ शाळा-जिल्हे होते. सगळा ग्रामीण, विरळ वस्तीचा मुलूख. विकलांग लहानग्यांना एका वर्गात आणावे तर रोजचा प्रवासच त्यांना थकवणारा. मग डेव्हिड आणि मार्शा शिअरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला : मूल येऊ शकत नसेल तर शिक्षकाने जावे. आठवड्यातून एकदा, प्रत्येक घरी. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे सिद्धान्त ठरली.

१४/
पोर्टेजची रीत साधी होती, आणि तीच तिची ताकद. गृहशिक्षक येई तो मुलाला शिकवायला नव्हे, आईला दाखवायला. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या विकासाच्या शेकडो पायऱ्यांची यादी त्याच्याजवळ असे. त्यातली आठवड्याभरात साधेल एवढीच छोटी पायरी दोघांनी मिळून निवडायची. शिक्षक करून दाखवी, मग आई करी, मग आई रोज करून तक्त्यावर खूण करी. पुढच्या आठवड्यात ते साधले नसेल तर दोष मुलाचा किंवा आईचा मानायचा नाही. पायरी मोठी निवडली गेली असे समजून ती आणखी लहान करायची. अ‍ॅन सलिव्हन यांनी ज्या कुटुंबाला अडथळा मानले, तेच कुटुंब इथे शिक्षक झाले.

१५/
ही कल्पना वेगाने पसरली. १९७६ मध्ये ती ब्रिटनला पोहोचली. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये तेहल कोहली यांनी ती भारतीय घरांसाठी बेतली. त्याच काळात, १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर, जागतिक आरोग्य संघटनेने ‘समाजाधारित पुनर्वसन’ ही दिशा घेतली. मेक्सिकोच्या डोंगराळ अहोया गावातल्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातल्या विकलांग मुलांविषयी एक जाडजूड, चित्रमय पुस्तक लिहिले. पुठ्ठा, लाकूड, जुने टायर यांतून बसण्याची साधने कशी करावीत हे त्यात रेखाटून दाखवले आहे.

१६/
पण महाराष्ट्राला ‘दारापर्यंत जाणे’ परदेशातून शिकावे लागले असे मानू नका. बीडच्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागूनच जामखेड आहे. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातलीच बाई, अनेकदा निरक्षर, गावाची आरोग्यसेविका झाली. ती आठवड्याला जामखेडला येई, शिकून परत जाई, आणि तेच ज्ञान चुलीपाशी बसून सांगे. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घराघरात शिरायला पदवी नव्हे, विश्वास लागतो, हे जामखेडने सिद्ध केले.

१७/
दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा देऊन पाहिली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्री बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन करी, श्वास मोजी, जंतुदोष ओळखून उपचार करी. नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या.

१८/
या भेटींचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. जन्मताच न रडलेले, फार कमी दिवसांचे, तीव्र कावीळ झालेले बाळ वाचते, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांतल्या काही मुलांच्या मेंदूला इजा झालेली असते, आणि ती लगेच दिसत नाही. आशाताईंच्या भेटी ४२ व्या दिवसापर्यंत असतात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही त्या जोडल्या गेल्या. चार-पाच महिने झाले तरी मान न धरणे, नजरेने आईचा चेहरा न शोधणे, आवाजाने न दचकणे, मुठी सतत आवळलेल्या असणे. ही लक्षणे पहिल्यांदा दिसण्याची जागा म्हणजे हाच ओटा. दार आधीच ठोठावले जात आहे. आत गेल्यावर काय पाहायचे, हा पुढचा प्रश्न.

१९/
आणि आत गेल्यावर करायचे काय? इथे इतिहास थेट स्वयंपाकघरात येतो. बाळाला आडवे ठेवून भरवू नये, घास श्वासनळीत जातो. पाठीला आधार देऊन, मान किंचित पुढे ठेवून भरवावे. गोधडीची वळकटी आणि भिंतीचा कोपरा यांतून बसण्याची जागा होते. थोडे दिसत असेल तर पांढरा दूधभात गडद रंगाच्या ताटलीत द्यावा, म्हणजे घास उठून दिसतो. दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलाच्या हातात जेवणाआधी रोज तीच वाटी द्यावी, अंघोळीआधी तोच पंचा. काही दिवसांनी वाटी हाच त्याचा ‘जेवण’ हा शब्द होतो. आईने जवळ येताना आपल्या बांगड्या त्याच्या हाताला लावाव्यात; त्या स्पर्शालाच तो ‘आई’ म्हणतो. यातले काहीही विकत आणावे लागत नाही. फक्त कोणीतरी दाखवावे लागते, आणि पुन्हा पुन्हा येऊन विचारावे लागते.

२०/
कायदाही हळूहळू इकडे वळला. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, ज्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता यांच्या जोडीने बहुविकलांगतेचे नाव स्पष्ट आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय हक्क म्हणून मिळाला. २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे प्रकार २१ केले. कल्याणीच्या ग्रंथातला भर्तव्य आता कायद्याच्या पुस्तकात हक्कदार झाला.

२१/
मात्र बारकाईने वाचा. शिक्षणहक्काचे वय सहापासून सुरू होते. २०१६ च्या कायद्यातले मोफत शिक्षणाचे कलमही सहा ते अठरा वर्षांसाठीच आहे. मेंदू सर्वाधिक घडतो तो त्याआधी. त्या वयाची जबाबदारी अंगणवाडी आणि आरोग्यसेवा यांच्यात वाटली गेली आहे. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून झाला. त्यात फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायची आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी रचना आहे. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती मात्र आली थेट नोव्हेंबर २०२३ मध्ये. पहिल्या अंगणवाडीनंतर ४८ वर्षांनी.

२२/
इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. ‘घरीच मदत’ म्हणजे ‘घरातच ठेवा’ असा अर्थ काढणे फार सोपे आहे. ज्या शाळेला असे मूल नको असते, तिला २०१२ ची दुरुस्ती ही सोयीची पळवाट वाटू शकते. शिवाय ‘पालक हाच शिक्षक’ या सुंदर वाक्यातला पालक प्रत्यक्षात बहुधा आई असते, आणि तिच्या डोक्यावर पाणी, सरपण, मजुरी यांच्या वर आणखी एक घागर चढते. म्हणून घरपोच मदतीची कसोटी एकच : तिच्यामुळे दार बाहेरच्या दिशेने उघडते का? मूल अंगणवाडीपर्यंत, ओट्यापर्यंत, जत्रेपर्यंत पोहोचते का? आणि आईला घटकाभर उसंत मिळते का? नसेल, तर ती भर्तव्याचीच नवी आवृत्ती.

२३/
आता बीड. बालाघाटच्या डोंगररांगांतला, पर्जन्यछायेतला हा जिल्हा. २०११ ची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. पश्चिम महाराष्ट्रात १९५० पासून सहकारी साखर कारखाने वाढले, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला, आणि ऊसतोडीची ही वाट दरसाल रुंदावत गेली. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हा हिशेबाचा शब्द आहे, पण आपल्या विषयाचा सगळा पेच त्यात आहे.

२४/
आई बहुविकलांग मुलाजवळ घरी थांबली तर कोयता अर्धा होतो, उचल निम्मी होते, आणि मागच्या हंगामाची फिटायची राहिलेली उचल तशीच मानेवर राहते. ती मुलाला घेऊन गेली तर पाच-सहा महिने घर म्हणजे कारखान्याच्या तळावरची पाचटाची कोपी. पहाटेच्या अंधारात फडात, दिवसभर मोळ्या, मूल बांधावर किंवा गाडीच्या सावलीत. ज्या आशाताईने त्याची मान न धरणे हेरले, ती गावातच राहिली. जिथे ते गेले तिथल्या यादीत त्याचे नाव नाही. गाव सोडून न जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, पण ती शाळेत जाणाऱ्यांसाठी. अडीच वर्षांच्या, घास न गिळणाऱ्या मुलाला ती सामावू शकत नाहीत.

२५/
आठवा : पोर्टेजपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक पद्धतीने एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती. घर आपल्या जागी उभे असते. शिक्षक पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा दार तिथेच असेल. बीडमध्ये घरच बैलगाडीत बसून निघते. त्यामुळे इथे ‘घर’ या शब्दाचा अर्थच नव्याने ठरवावा लागतो. घर म्हणजे पत्ता की घर म्हणजे माणसे?

२६/
माणसे म्हटले तर काही वाटा दिसतात. हंगामात गावी मागे राहते ती आजी. मग प्रशिक्षण द्यायचे तर फक्त आईला नव्हे, आजीलाही. तिने पिढ्यान्‌पिढ्या बाळे मांडीवर घेऊन तेल लावले आहे. तिच्या हाताला सांधे जखडू नयेत म्हणून करायच्या हालचाली शिकवणे अवघड नाही. मूल सोबत जाणार असेल तर पुढच्या पाच महिन्यांच्या पायऱ्या, चित्रांत काढलेल्या, आईच्या पिशवीत हव्यात. झटक्यांची औषधे निघण्याआधी पुरेशी हवीत, कारण ती अचानक बंद होणे धोक्याचे असते. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालते. तशीच मुलाच्या विकासाची नोंदही त्याच्यासोबत चालली पाहिजे. आणि भेटीचे वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवर नव्हे, हंगामावर बेतले पाहिजे : पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत दाट भेटी, पाडव्याला परतल्यावर पुन्हा तपासणी.

२७/
इतिहासात आपण राज्ये मोजतो, महसूल मोजतो, फौजा मोजतो. या थ्रेडचे म्हणणे इतकेच की समाजाची प्रगती आणखी एका मापाने मोजता येते : सर्वांत कमी हालचाल करू शकणाऱ्या मुलासाठी समाज स्वतः किती चालला? कल्याणीच्या पंडिताने त्याला भाकरी दिली, वाटा नाकारला. बॉस्टनने शिक्षण दिले, घर सोडायला लावले. पोर्टेजने घर दिले, पण स्थिर घर मानले. जामखेडने आणि गडचिरोलीने दाखवले की गावातली बाईच हे अंतर पार करू शकते. उरलेले अंतर बीडपासून फडापर्यंतचे आहे.

२८/
तुमच्या गावात असे घर असेल, बहुधा असेलच, तर त्याच्या इतिहासाकडे कुतूहलाने पाहा. आजीला विचारा, तिच्या लहानपणी अशा मुलाला काय म्हणत, कुठे बसवत, त्याच्याशी कोण बोलत असे. नाव प्रसिद्ध करू नका. त्या घराची लाज किंवा कीव करू नका. फक्त ऐका आणि लिहून ठेवा. १९३१ नंतर पन्नास वर्षे ज्यांना मोजलेच गेले नाही, त्यांचा इतिहास दप्तरखान्यात सापडणार नाही. तो घराच्या कोपऱ्यात, गोधडीच्या वळकटीला टेकून बसलेला आहे.

थ्रेड समाप्त. आपल्या भागातल्या आठवणी खाली जरूर लिहा.